विश्लेषण : औषधे बाहेर फेकणारा पेशीतला ‘पंप’ प्रतिपिंडांना खरेच सापडतो का?

कर्करोगाची गाठ सुरुवातीला औषधाने आकसते, मग काही काळाने दाद देईनाशी होते. डॉक्टर औषध बदलतात. पण रुग्णाने आधी कधीही न घेतलेले हे नवे औषधही अनेकदा फोल ठरते. यामागच्या कारणांपैकी एक आहे पेशीच्या पडद्यावरचे पी-ग्लायकोप्रोटीन. प्रयोगशाळेत ते शोधण्याचे नेहमीचे साधन म्हणजे प्रतिपिंडे. मात्र या साधनाने संशोधकांना अनेकदा चकवले आहे.

हे प्रथिन काय करते?

टोरांटोतील ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना १९७६ मध्ये ते हॅमस्टरच्या पेशींत सापडले. या पेशी कोल्चिसिनला (आपल्याकडच्या कळलावीतही असणारे विषारी द्रव्य) पुरून उरल्या होत्या. हे प्रथिन पडद्याची पारगम्यता बदलते, असे तेव्हा वाटले. ‘पर्मिएबिलिटी’तला ‘पी’ नावाला चिकटला तो तेव्हापासून. प्रत्यक्षात तो एटीपीच्या ऊर्जेवर चालणारा पंप निघाला. डॉक्सोरुबिसिन, व्हिनब्लास्टिन, पॅक्लिटॅक्सेल अशी एकमेकांशी साम्य नसलेली औषधे तो पेशीबाहेर फेकतो.

हा पंप मुळात शत्रू नव्हे. जुलाबावरचे लोपेरामाइड अफूसारख्या औषधांच्या गटातले. तरी नेहमीच्या मात्रेत त्याची नशा चढत नाही. याचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला हाच पंप.

प्रतिपिंडे त्याला कसे शोधतात?

प्रतिपिंड प्रथिनाच्या एका छोट्या भागाला चिकटते. तो भाग कुठे आहे यावर सारे अवलंबून. ‘सी-२१९’ हे गाजलेले प्रतिपिंड पंपाच्या पेशीच्या आतल्या भागाला चिकटते, म्हणून आधी पेशीच्या पडद्याला छिद्रे पाडावी लागतात. ‘एमआरके-१६’ बाहेरच्या भागाला धरते, त्यामुळे जिवंत पेशींवरही चालते. ‘यूआयसी-२’ आणखी वेगळे: पंपाचा आकार काम करताना बदलतो आणि त्यानुसार या प्रतिपिंडाची पकडही कमीजास्त होते.

वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रथिने वजनानुसार वेगळी होतात आणि पी-ग्लायकोप्रोटीनची पट्टी १७० किलोडाल्टनच्या आसपास उमटते. इथे एक साधी सवय घात करते. इतर नमुन्यांप्रमाणे हाही नमुना उकळला, तर पडद्यातले हे प्रथिन गुठळ्या होऊन जेलच्या तोंडाशीच अडकू शकते. मग पट्टी दिसत नाही आणि निष्कर्ष निघतो, ‘पंप नाही’.

मग गफलत कुठे होते?

उलट चूक अधिक धोकादायक: पंप नसताना तो असल्याचे दिसणे. सी-२१९ स्नायूंतल्या मायोसिनलाही चिकटते, हे नंतर लक्षात आले. यकृतातल्या एमडीआर-३ या भावंड-प्रथिनालाही ते ओळखते. ‘जेएसबी-१’ हे दुसरे प्रतिपिंड पायरुवेट कार्बोक्सिलेजला चिकटत असल्याचे आढळले. या विकराचा औषध फेकण्याशी काही संबंध नाही. अशा ऊतींत रंग उमटला म्हणजे पंप सापडला, असे कसे म्हणणार? एकाच प्रकारच्या गाठींत एका प्रयोगशाळेला पंप भरपूर आणि दुसरीला नगण्य दिसावा, यात प्रतिपिंडांचा वाटा मोठा होता.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात तज्ज्ञ जमले. वेगवेगळ्या भागांना चिकटणारी किमान दोन प्रतिपिंडे वापरा आणि पंप खरोखर चालतो का हेही तपासा, असा त्यांच्या शिफारशींचा रोख होता. त्यासाठी ऱ्होडामिन-१२३ हे चमकणारे रंगद्रव्य पेशींत भरून ते किती वेगाने बाहेर पडते, हे मोजता येते.

रुग्णांचा संबंध काय?

पंप बंद पाडणाऱ्या औषधांच्या चाचण्यांनी मोठ्या आशा दाखवल्या आणि बहुतेक फसल्या. विषारी परिणाम हे एक कारण होते. पण अनेक चाचण्यांत रुग्णाच्या गाठीत पंप आहे की नाही, याची खातरजमाच झाली नव्हती. ज्या गाठीत पंप नाही, त्या रुग्णाला तो बंद करणारे औषध देऊन त्रासाखेरीज काय मिळणार?

म्हणूनच शोधनिबंधात केवळ ‘पी-ग्लायकोप्रोटीनचे प्रतिपिंड वापरले’ एवढे वाक्य आता चालू नये. कोणता क्लोन, नमुना उकळला की नाही, हे लिहायला दोन ओळी पुरतात. शिवाय एबीसीबी-१ हे जनुक काढून टाकलेल्या पेशी आज क्रिस्पर तंत्राने तयार करता येतात. त्या पेशींतही पट्टी उमटली, तर प्रतिपिंडाने भलतेच काही पकडले आहे.