यंत्राचें गाणें आणि हलतीं चित्रें

सुशिक्षित घरांतून हल्लीं दोन गोष्टींचा निकाल एकेका शब्दांत लावलेला आढळतो. विजेच्या वाद्यांवर निर्माण केलेलें आणि हजारों तरुणांच्या मेळाव्यांत ऐकविलें जाणारें संगीत म्हणजे 'गोंगाट'. आणि रेखाटलेल्या आकृतींना चालतें-बोलतें करून तयार केलेला ॲनिमेशनचा चित्रपट म्हणजे 'पोरखेळ'. प्रस्तुत लेखकाचें वय नातवंडांचा अभ्यास घेण्याचें असलें, तरी तो या दोन्ही कलांचा जुना चाहता आहे. तेव्हां त्यांचा आपल्या मनावर झालेला परिणाम या महिन्याच्या सदरांत सांगावा, आणि त्यांची पारख कोणत्या मापानें करावी याचा थोडा विचार वाचकांबरोबर करावा, असा हेतु आहे.

आमचें टाकवे बुद्रुक हें अंदर मावळाच्या तोंडाशीं वसलेलें गांव. कान्हे स्टेशनवर उतरून आंत वळलें कीं भातखाचरें लागतात, आणि पुढें डोंगरांच्या कुशींत ठोकरवाडीचें धरण आहे. टाटांच्या या धरणाचें पाणी १९२२ सालापासून घाटाखालीं भिवपुरीच्या वीजघरांत पडतें आणि मुंबईस वीज पुरवितें. शंभराहून अधिक वर्षें आमच्या डोंगरांतलें पाणी असें वीज होऊन वाहत आहे. त्या विजेनें देवघरांतला दिवा लागलेला चालतो, दळणाची गिरणी फिरलेली चालते. मग तिनें स्वर काढला तर तेवढाच विटाळ कां मानावा, हें मला उमगत नाहीं.

माझे वडील बंधु नाना यांस हा युक्तिवाद मान्य नाहीं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत रात्रीच्या रात्री जागविलेले ते पट्टीचे श्रोते आहेत. "यंत्राला श्वास नाहीं, आणि श्वास नाहीं तेथें गाणें नाहीं," असें ते म्हणतात. आक्षेप वजनदार आहे; परंतु तो नवा नाहीं. आपल्या घरोघरीं भजनाला साथ करणाऱ्या पेटीवरहि असाच आक्षेप होता. तिच्यांत मींड निघत नाहीं, श्रुतींचें सूक्ष्म अंतर दाखवितां येत नाहीं, म्हणून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला बंदी केली, आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. पेटीचा दोष खराच होता. तरीहि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं त्याच पेटींतून रसिकांस डोलावयास लाविलें. वाद्य सदोष होतें. बोटांमागचें मन सदोष नव्हतें.

विजेच्या वाद्यांची हीच कथा मुंबईंत घडली आहे, आणि ती आपल्या घरांतून फारशी कोणास ठाऊक नसते. चित्रपटसंगीतांत साथ करणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं एक तबकडी काढली. तिचें नांव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. जपानच्या रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें त्यांनीं घेतलीं. टीआर-८०८ हें ठेका धरी. टीबी-३०३ हें खर्जाच्या स्वरांची माळ ओढी. आणि ज्युपिटर-८ या स्वरपट्टीवर ते स्वतः राग वाजवीत. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी धरून दहा राग त्यांत आहेत. त्या वेळीं या तबकडीकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें पांच वर्षांनीं, १९८७ मध्यें, अमेरिकेंत शिकागो येथें याच टीबी-३०३ यंत्राच्या घसरत्या, करकरीत आवाजावर 'ॲसिड हाउस' म्हणून संगीताचा एक नवा प्रकार उदयास आला आणि जगभर पसरला. मग २०१० सालीं हॉलंडमधील एका प्रकाशकानें चरणजित सिंगांची तबकडी पुनः काढली, आणि ऐकणारे चकित झाले. २०१५ सालीं मुंबईंत ते वारले. मृत्यूपूर्वीं परदेशांतल्या तरुणांपुढें तेच राग वाजविण्याचें भाग्य त्यांस लाभलें.

माझी नात पुण्यास संगणकशास्त्र शिकते. ती घरीं आली कीं कानांत यंत्र घालून एका कोपऱ्यांत बसे, नाना दुसऱ्या कोपऱ्यांत रेडिओ लावून बसत, आणि जेवणाचीं पानें मांडलीं म्हणण्यापलीकडे त्या दोघांत फारसें बोलणें होत नसे. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं मीं ही तबकडी मोठ्यानें लाविली. नानांनीं प्रथम कपाळास आठ्या घातल्या. थोड्या वेळानें मात्र ते पुढें सरसावले आणि म्हणाले, "अरे, दोन्ही मध्यम शेजारीं शेजारीं! हा तर ललत!" पुढें तोडी आला तेव्हां त्यांनीं मान हलविली. "गंधार चढा आहे. तोडीचा गंधार याहून खालीं हवा. ठराविक पट्ट्यांच्या वाद्यांत तो सांपडायचा नाहीं."

"नानाआजोबा, खालीं म्हणजे किती खालीं?" नातीनें विचारिलें.

नानांनीं तो गंधार गाऊन दाखविला. तिनें म्हणून पाहिला. "अग, अजून उतर. तेथें थांबूं नकोस, षड्जाकडे पाहत राहा." असा अर्धा तास गेला. नानांचें मत पालटलें नाहीं; यंत्रांत तोडी नाहीं हें ते आजहि म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें मला पटतें. या तबकडींत आलाप नाहीं, लयीची बढत नाहीं. ठेका आरंभीं जेथें असतो तेथेंच शेवटीं असतो. पण तोडीच्या गंधाराविषयीं त्या मुलीनें नानांस कधीं कांहीं विचारिलें नव्हतें, तें त्या यंत्रानें विचारावयास लाविलें.

आतां हलत्या चित्रांकडे वळूं. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदांत चोवीस, म्हणजे मिनिटांत १,४४० चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. एकेक रेखाटन दोनदां वापरलें तरी मिनिटास ७२० नवीं रेखाटनें लागतात. जिवंत नटाची पापणी आपोआप लवते. रेखाटलेल्या बाहुलीची पापणी कोणीतरी ठरविल्यावांचून लवत नाहीं. यास पोरखेळ म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां मनाशीं करावा. महाराष्ट्रांत तर ही विद्या जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालीं आगकाड्या किंचित् किंचित् सरकवून, एकेक चित्र टिपून, 'आगकाड्यांची मौज' दाखविली. पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३४ मध्यें 'जंबू काका' हा रेखाटलेला लघुपट काढला.

त्याच प्रभातमध्यें उमेदवारी करून पुढें आलेले संगीतकार वसंत देसाई यांनीं आयुष्याच्या अखेरीस 'एक अनेक और एकता' या लघुपटास संगीत दिलें. विजया मुळे यांनीं १९७४ सालीं केलेला हा लघुपट ज्यांचें बालपण दूरदर्शनपुढें गेलें त्यांना आठवत असेल. भीमसेन यांनीं चित्रांची बाजू सांभाळली. गोष्ट आपल्या परिचयाची आहे : पारध्याच्या जाळ्यांत सांपडलेले पक्षी एकजुटीनें जाळ्यासकट उडतात, आणि उंदीर तें कुरतडून त्यांस सोडवितात. रेषा अगदीं थोड्या आहेत. तरीहि तें जाळें जमिनीवरून सुटतें त्या क्षणीं माझ्या दंडांत ताण येतो, जणू मलाहि पंख मारावयाचे आहेत. चित्रांत वजन नसतें. तें गति आणि स्वर यांनीं मिळून आणिलेलें असतें. देसायांचें संगीत काढून घेतलें तर तो थवा कागदाचाच राहील.

या दोन कलांचें लग्न लागलेलें पाहावयाचें असेल तर 'इंटरस्टेला ५५५५' हा २००३ चा चित्रपट पाहावा. 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीची 'डिस्कव्हरी' ही तबकडी २००१ सालीं निघाली. तिच्या गाण्यांवर जपानच्या तोएई चित्रशाळेनें, लेइजी मात्सुमोतो या विख्यात चित्रकाराच्या देखरेखीखालीं, तासाभराहून थोडा अधिक लांबीचा चित्रपट रेखाटला. त्यांत संवाद नाहींत. दूरच्या एका ग्रहावरील निळ्या कांतीचे चार वादक एक धनलोभी मनुष्य पळवून आणितो, त्यांची स्मृति पुसतो, त्यांचा रंग पालटतो आणि पृथ्वीवर त्यांच्याकडून पैशासाठीं गाणीं वाजवून घेतो. नानांचा आक्षेप याहून प्रभावी रीतीनें कोणीं मांडलेला मीं पाहिला नाहीं : कलावंताचें यंत्र झालें तर काय होतें! आणि तो मांडणारे कोण, तर स्वतः धातूचीं शिरस्त्राणें घालून यंत्रांवर वाजविणारे. त्या वादकांस आपली ओळख पुनः सांपडते त्या वेळीं मला भरून येतें, हें सांगावयास संकोच वाटत नाहीं.

अशा संगीताचे मेळे आपल्याकडेहि भरतात. गोव्यांत कांदोळी येथें २००७ सालीं 'सनबर्न' सुरू झाला. २०१६ मध्यें तो पुण्याजवळ केसनंदास भरला. लोणावळ्यापलीकडील ॲम्बी व्हॅलींतहि कांहीं हिवाळ्यांत असे मेळे झाले. अशाच एका मेळ्यास मी नातीसोबत गेलों होतों. मिनिटास सवाशेंच्या आसपास ठोके पडत होते, आणि प्रत्येक मात्रेवर पडणारा तो ठोका कानांपेक्षां छातींत अधिक वाजत होता. वादक मधूनच ठेका काढून घेई, स्वर चढवीत चढवीत नेई, सर्वांचे श्वास अडकत, आणि मग ठेका एकदम परत येई. तिहाईनंतर सम गांठल्यावर मैफलींत जो 'वाहवा' उमटतो, तोच तेथें सहस्र कंठांतून उमटला. देहू-आळंदीच्या वाटेवरची दिंडी मला आठवली. भक्ति आणि मौज एक नव्हेत, हें मी जाणतों. पण एका लयींत पडणाऱ्या पावलांस जो हलकेपणा येतो तो दोन्हीकडे सारखाच आहे.

येथें एक भेद मात्र कठोरपणें केला पाहिजे. गणपतीच्या मिरवणुकींत घरांचीं तावदानें हादरविणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती म्हणजे हें संगीत नव्हे. २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ठरविली आहे. डेसिबलची गणना साधी नसते. दहांची वाढ झाली कीं ध्वनीची शक्ति दसपट होते. पंचावन्नाच्या जागीं पंचाण्णव झाले तर ती दहा हजारपट झाली! त्यांत तान्ह्या बाळाचे, दुखणाइतांचे आणि पुढें चालणाऱ्या पोरांच्या स्वतःच्या कानांचे जे हाल होतात, त्यांचें समर्थन कोणत्याहि उत्सवानें होणार नाहीं. मोठा आवाज ही कला नव्हे. ती कलेची उणीव झांकण्याची युक्ति आहे.

हा भेद मुलांना कोण शिकविणार? वडीलधाऱ्यांनीं सगळेंच 'गोंगाट' म्हणून दाराबाहेर टाकिलें, तर चरणजित सिंगांचा ललत आणि मिरवणुकींतली भिंत हीं दोन्ही त्यांच्या लेखीं एकाच भावानें मोजलीं जातील, आणि अखेर जें अधिक मोठ्यानें वाजेल तेंच त्यांच्या पदरीं पडेल. मुलांनीं चांगलें ऐकावें अशी इच्छा असेल, तर त्यांच्या शेजारीं बसून ऐकावें लागेल. काय आवडलें तें मोकळेपणानें सांगावें; काय खटकलें तेंहि स्वर दाखवून सांगावें. कसोटी एवढीच ठेवावी कीं यंत्रामागें निवड करणारा मनुष्य जागा आहे कीं नाहीं. येत्या दिवाळीच्या सुट्टींत वाचकांनीं एक सायंकाळ या कामीं खर्च करून पाहावी, आणि घरांतल्या दोन कोपऱ्यांतलें अंतर किती उरतें तें आपलें आपणच मोजावें.