ज्येष्ठांचे नैराश्य : गोळीची चिठ्ठी पुरेशी का नाही?

मीरा रोड-भाईंदरमधील कित्येक घरांत सकाळी सगळे लोकल पकडायला बाहेर पडतात आणि आजी किंवा आजोबा रात्रीपर्यंत एकटे राहतात. झोप नाही, जेवण नकोसे, कशात रस नाही. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ पण अनेकदा ते वय नसते, बरा होणारा आजार असतो. ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत (२०१७-१८) साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याचा आजार असण्याची शक्यता दिसली.

घोडे कुठे अडते?

नैराश्यावरील औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर फरक नाही म्हणून अनेक जण गोळ्या सोडतात. डॉक्टरांना ते कळतही नाही.

टीममध्ये कोण असते?

नेहमीचे डॉक्टर, पाठपुरावा करणारी परिचारिका किंवा समुपदेशक आणि सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ. पाठपुरावा करणारी व्यक्ती ठरावीक दिवसांनी फोन करते, तेच नऊ प्रश्न विचारून स्कोअर काढते. तो घटत नसेल तर टीम उपचार बदलते.

याने फरक पडतो का?

अमेरिकेत साठीपुढील १,८०१ रुग्णांवरील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर टीमकडील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली; नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होते. गोव्यात सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी अडचणी सोडवणे, झोप सुधारणे शिकवले. वर्षभरात त्यांच्यापैकी ४.४ टक्के जणांना नैराश्याने गाठले, इतरांमध्ये १४.४ टक्के. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते.

मीरा-भाईंदरमध्ये काय करता येईल?

महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत ज्येष्ठ बीपी-शुगरसाठी येतातच. तिथेच नऊ प्रश्न विचारावेत. पाठपुराव्याची यादी एका परिचारिकेकडे असावी, मानसोपचारतज्ज्ञांनी आठवड्यातून एकदा व्हिडीओ कॉलवर ती तपासावी. त्यासाठी नवी इमारत नको. जबाबदारी ठरवून त्या कामाचा वेळ आणि मोबदला द्यायला हवा. आशा सेविकांवर आणखी एक बिनपगारी काम लादून हे होणार नाही.

घरच्यांनीही गोळी आणून देण्याबरोबर ‘झोप लागते का, जेवलात का’ हे दर आठवड्याला विचारावे. स्वतःला संपवण्याची भाषा ऐकू आली तर त्यांना एकटे सोडू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन २४ तास सुरू असते.