सत्तांतर झाले, मुलांचे काय?

हुकूमशाही कोसळली म्हणजे तिने केलेले अन्यायही तिच्याबरोबर संपले, असा समज सत्तांतराच्या पहिल्या आनंदात होत असतो. तो किती भाबडा ठरू शकतो, हे अर्जेंटिनाच्या इतिहासावरून दिसते. २४ मार्च १९७६ रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी राऊल आल्फोन्सिन यांचे लोकनियुक्त सरकार अधिकारावर आले. दरम्यान हजारो माणसे ‘नाहीशी’ करण्यात आली. सरकारी चौकशी आयोगाने १९८४ मध्ये अशा ८,९६० जणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात.

या क्रौर्याचा एक प्रकार मात्र लष्करशहांच्या पाठोपाठ संपणारा नव्हता. गरोदर बंदिवान स्त्रियांना बाळंतपणापर्यंत जिवंत ठेवावयाचे, नंतर त्यांचा काटा काढावयाचा आणि मूल खोट्या जन्मनोंदीने बहुधा लष्कराच्या वा पोलिसांच्या गोतावळ्यात वाढवावयाचे, अशी ही रीत होती. अशी मुले सुमारे ५०० असावीत, असा ‘प्लासा दे मायोच्या आजी’ या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचा अंदाज आहे. मतपेटीने सरकार बदलले; ही मुले होती त्याच घरांत राहिली.

नव्या सरकारपुढील पेच खरा होता. १९८५ मध्ये सेनाधिकाऱ्यांवर खटला चालवून व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप देण्याचे धैर्य न्यायालयाने दाखविले. परंतु बराकींतील असंतोष वाढताच डिसेंबर १९८६ मध्ये खटल्यांना मुदत घालणारा आणि जून १९८७ मध्ये हुकमाचे ताबेदार म्हणून कनिष्ठ अधिकाऱ्यांना मोकळे करणारा कायदा झाला. पुढे अध्यक्ष मेनेम यांनी १९८९ आणि १९९० मध्ये माफी दिली. कोवळी लोकशाही वाचविण्यासाठी ही तडजोड अटळ होती, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. तथापि, याच दोन कायद्यांनी मुलांच्या अपहरणाचा गुन्हा आपल्या कक्षेबाहेर ठेवला होता. त्या एका अपवादामुळे न्यायाचे दार किलकिले राहिले. माफी मिळालेल्या व्हिदेलांना १९९८ मध्ये पुन्हा अटक झाली ती याच आरोपावरून. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरविले आणि २०१२ मध्ये मुले पळविण्याच्या पद्धतशीर योजनेबद्दल व्हिदेलांना ५० वर्षांची शिक्षा झाली.

अर्थात केवळ शिक्षेने मुलांना त्यांची ओळख परत मिळत नाही. आईबापच हयात नसल्याने आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते सिद्ध करण्याची पद्धत मेरी-क्लेअर किंग आदी शास्त्रज्ञांनी विकसित केली आणि १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुकीय माहितीकोश स्थापन झाला. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलाची ओळख जपण्याविषयीचे आठवे कलम आले, तेही अर्जेंटिनाच्या आग्रहाने. १९९२ मध्ये हा करार स्वीकारल्यामुळे भारतही त्या कलमाने बांधलेला आहे.

वाढविणाऱ्या घराशी जडलेले प्रेम खरे असते. मग जुनी जखम का उकरावी, असा प्रश्न विचारला जातो. पण आपण कोणाचे, हे सत्य मुलापासून दडविण्याचा अधिकार ज्यांनी त्याच्या आईचा बळी घेतला त्यांच्याकडे कसा असू शकेल? सत्य कळल्यावर कोणाशी कसे नाते ठेवावयाचे, हे त्या व्यक्तीनेच ठरवावयाचे आहे.

जुलै २०२५ पर्यंत अशा १४० प्रकरणांचा छडा लागला होता. म्हणजे सुमारे साडेतीनशे अद्याप बाकी आहेत. अशा वेळी २०२४ मध्ये सरकारने ओळख-आयोगाचा खास तपास विभाग हुकमान्वये बरखास्त केला, ही चिंतेची बाब होय. ती मुले आता पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्यांना शोधणाऱ्या आजी एकामागून एक जगाचा निरोप घेत आहेत. निवडणुकीगणिक धोरणे बदलणे लोकशाहीत साहजिक आहे. पण पळविलेल्या मुलांचा शोध हे एखाद्या पक्षाचे धोरण नसून राज्यसंस्थेवरील ऋण आहे, आणि सरकार बदलल्याने ते फिटत नाही.