माझ्या माहितीप्रमाणे

दरवर्षी निकाल लागले की महाविद्यालयातील अध्यापकांच्या टेबलावर एक छापील कागद पुन:पुन्हा येऊ लागतो. वर संस्थेचे नाव, मध्ये विद्यार्थ्याच्या नावासाठी सोडलेली टिंबे आणि त्याखाली इंग्रजीतले एक वाक्य, ज्याची सुरुवात 'टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज' अशी होते आणि शेवट विद्यार्थ्याच्या उत्तम नैतिक चारित्र्याच्या ग्वाहीने होतो. गेली अनेक वर्षे मी या कागदावर सह्या करीत आले आहे. वर्गात एकशे वीस विद्यार्थी असतात. त्यांतल्या तीस-चाळीसांची नावे मला चेहऱ्यांसकट आठवतात. उरलेल्यांच्या चारित्र्याबद्दलची माझी माहिती शून्य आहे, आणि त्या शून्याच्या मर्यादेत राहून मी ग्वाही देते. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य खोटे नाही, आणि मला टोचते ते नेमके हेच.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने तो कागद हातात घेतला, माझ्यासमोरच वाचला आणि अगदी सरळपणे विचारले, "मॅडम, तुम्हाला माझ्याबद्दल काय माहीत आहे?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, कुतूहल होते. मला उत्तर देता आले नाही.

इंग्रजीतील मर्यादादर्शक वाक्प्रयोग आपण रोजच्या लेखनात उचलले ते बहुतेक कचेरीच्या वाटेने. तेव्हा आधी कचेरीचेच पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत वादपत्राच्या सत्यापनाचा जो नियम आहे, तो मोठा काटेकोर आहे. सत्यापन करणाराने परिच्छेदांचे क्रमांक देऊन सांगावयाचे असते, की यातले अमुक मला स्वत:ला ठाऊक आहे आणि अमुक मला इतरांकडून कळले असून मी ते खरे मानतो. प्रतिज्ञापत्रांच्या नियमातही तेच तत्त्व आहे: स्वत:च्या माहितीने जे सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे, निव्वळ समजूत चालते ती अंतरिम अर्जांपुरती, आणि तिथेही ती कशावरून झाली हे सांगावे लागते. म्हणजे मूळ प्रयोगात मर्यादा ही एक रेघ आहे. रेघेच्या अलीकडे माझे, पलीकडे ऐकीव. आपल्या व्यवहारात मात्र 'माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे' असे एकच गाठोडे बांधून मोकळे होण्याची रीत पडली. रेघ पुसली गेली, तिचे शब्द तेवढे राहिले.

गंमत अशी, की ही रेघ ओढण्याचे साधन मराठीत घरोघरी आहे आणि ते अवघ्या दोन अक्षरांचे आहे. 'तो नोकरी सोडून गेला' आणि 'तो नोकरी सोडून गेला म्हणे' या दोन वाक्यांमध्ये कायद्याचा तो सगळा नियम सामावला आहे. 'म्हणे' लावणारी आजी आपली जबाबदारी टाळत नसते. बातमी कुठून आली आणि तिच्यावर किती भार टाकावा, हे ती ऐकणाऱ्याला सांगत असते. पण हा शब्द औपचारिक लेखनात आणायला आपल्याला लाज वाटते. तो गावठी वाटतो. त्याच्या जागी आपण 'प्राप्त माहितीनुसार' लिहितो, आणि माहिती कोणाकडून प्राप्त झाली हे विचारायची सोय राहत नाही.

'ॲज फार ॲज इट इज कन्सर्न्ड' या प्रयोगाची कथा निराळी आहे. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये तो 'जोपर्यंत मराठी कवितेचा संबंध आहे' किंवा हिंदीच्या वळणाने 'जिथपर्यंत मराठी कवितेचा प्रश्न आहे' असा अवतरतो. 'जोपर्यंत' हे मराठीत काळाचे माप. त्यामुळे हे वाक्य वाचताना 'पुढे हा संबंध तुटणार आहे की काय', अशी शंका येते. 'मराठी कवितेपुरते बोलायचे तर' एवढे म्हटले की काम होते. 'पुरणे' या क्रियापदातून आलेला हा 'पुरता' मला फार सुंदर वाटतो. 'माझ्यापुरते' यात तो मर्यादा घालतो आणि 'पुरता फसलो' यात तोच पूर्णत्व सांगतो. जेवढे पुरते तेवढेच पूर्ण, अशी काहीशी समज त्यामागे असावी; अर्थात हा माझा तर्क, व्युत्पत्तिकोशाच्या माथी तो मारू नये.

समीक्षेच्या वर्गात सर्वांत जास्त नुकसान मात्र 'टु सम एक्स्टेंट' याने केले आहे. 'काही प्रमाणात', 'एका मर्यादेपर्यंत', 'बऱ्याच अंशी' अशी त्याची मराठी रूपे उत्तरपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत सर्वत्र पसरली आहेत. "'कोसला' ही काही प्रमाणात आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे" हे वाक्य मी किती वेळा तपासले असेल! त्याला अर्धा गुण द्यावा लागतो, कारण ते चूक नाही. पण प्रमाण किती, कोणत्या बाबतीत? नायकाचे गाव सांगवी आणि लेखकाचेही सांगवी. नायक शिकायला पुण्याला जातो, लेखकही गेला. इथपर्यंत दोघांची वाट एक, असे कोणी लिहिले तर ती खरी मर्यादा झाली. तिच्यापुढे निदान वाद तरी घालता येतो. 'काही प्रमाणात' लिहिणाऱ्याशी वादच घालता येत नाही. कोणताही आक्षेप घ्या, तो त्या 'काही'च्या बाहेर उभा असतो. आपण अध्यापकांनीच विद्यार्थ्यांना ही पळवाट शिकवली आहे. 'ठाम विधाने टाळा' असे आपण सांगतो आणि पुढचा अर्धा धडा शिकवायचा विसरतो, की टाळायचे ते ठामपण नव्हे, निराधारपण.

इंग्रजीला यात दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. चांगला इंग्रजी निबंधकार असा प्रयोग करतो तेव्हा पुढच्याच वाक्यात ती मर्यादा भरून दाखवतो. आणि मराठीतही पोकळ विनय पुष्कळ आहे. 'माझ्या अल्पमतीनुसार' म्हणून सुरुवात करणारे वक्ते पुढचा तासभर त्या मतीचा अल्पपणा कुठेही दिसू देत नाहीत. तरीही एका बाबतीत मला मराठीची बाजू घ्यावीशी वाटते. व्यापाऱ्यांच्या इंग्रजी बिलावर खाली 'ई अँड ओ ई' अशी अक्षरे असतात. 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड', म्हणजे चुका व गाळलेल्या बाबी वगळून. आपल्या जुन्या हिशेबाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहीत. काम एकच, पण पवित्रा किती वेगळा! इंग्रजी अक्षरे बिल करणाराला मोकळे ठेवतात. चूक निघालीच तर ती आमच्या शब्दात धरू नका, असे बजावतात. मराठी वाक्यात दोन क्रियापदे आहेत. तुमचे माझ्याकडे निघाले तर मी देईन, माझे तुमच्याकडे निघाले तर तुम्ही द्या. हिशेब चुकू शकतो हे दोघांनाही मान्य आणि तो दुरुस्त करण्याची जबाबदारीही दोघांची. आता हे वाक्य 'चुभूद्याघ्या' असे आखडून लेखाच्या शेवटी विनोदाने टाकले जाते, आणि त्याखाली कोणी खरोखरच चूक दाखवली तर लेखक रागावतो, हे आपण पाहतोच.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी बोलावले आणि महाविद्यालयाच्या कागदावर हाताने मराठीत लिहून दिले. 'कु. अमुक हिला मी दोन वर्षे मराठी शिकवले. वर्ग मोठा असल्याने वैयक्तिक परिचय फारसा झाला नाही. तिने लिहिलेले दोन निबंध मी वाचले आहेत. दुसऱ्यात तिने माझे एक मत खोडून काढले होते आणि त्यासाठी दिलेली उदाहरणे बरोबर होती. ती अभ्यासमंडळाचे काम नीट करीत असे, असे माझ्या सहकाऱ्यांकडून ऐकले आहे. याहून अधिक मला माहीत नाही.' लिहायला वीस मिनिटे लागली. एकशे वीस जणांसाठी असे लिहिणे मला कधीच जमणार नाही, हेही लिहिता लिहिता कळले.

तिने कागद दोनदा वाचला. आवडल्याचे तोंडावर दिसत होते. मग घडी करून पर्समध्ये ठेवला आणि छापील कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, यावरही सही कराल का? तिकडे इंग्रजीतलंच लागतं म्हणे."

मी केली.