सुताराचा मुलगा आणि गिटार



यंदाच्या स्नेहसंमेलनात आपल्या एका माजी विद्यार्थ्याने जुनी मार्टिन गिटार वाजवली. ती १९७१ सालची निघाली. हा कारखाना १८९८ पासून प्रत्येक गिटारला आत क्रमांक घालतो, त्यावरून साल कळते. कार्यक्रम संपल्यावर मुलांचा गराडा पडला. किंमत विचारणारे पुष्कळ होते, "ही बनवली कोणी?" असे सातवीतल्या एकाच मुलीने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मग वाचून काढले. (माझे शिक्षण हिंदी माध्यमाचे, मराठी चुकल्यास आमच्या मराठीच्या बाई सांभाळून घेतीलच.)

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म १७९६ सालचा, जर्मनीतल्या सॅक्सनीमधील मार्कनॉयकिर्शेन या गावचा. वडील लाकडी सामान बनवणारे. मुलगा व्हिएन्नात योहान स्टाउफर यांच्याकडे गिटार बनवायला शिकला. गावी आला तर वाद उभा. तिथे प्रत्येक धंद्याचा संघ असे. व्हायोलिनवाल्यांचा संघ म्हणे, वाद्य घडवणे ही आमची कला, कपाटे करणाऱ्यांनी त्यात हात घालू नये. कज्जा वर्षानुवर्षे चालला. सुतारांचा हक्क टिकला, पण मार्टिन या बंधनांना विटले होते. १८३३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पुढे पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थिरावले. कारखाना आजही तिथेच आहे.

गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून पट्ट्यांचा आधार लागतो. पट्ट्या जाड झाल्या तर आवाज कोंडतो, बारीक झाल्या तर तारांच्या ताणाने फळी फुगते. १८४० च्या दशकात मार्टिन यांच्याकडे त्या फुलीसारख्या बसवू लागले. तेव्हा तारा तातीच्या असत. पुढे पोलादी तारा आल्या, ताण वाढला, तेव्हा हीच फुली उपयोगी पडली. असला अंदाज हातात रंधा धरल्याशिवाय येत नाही. आणि गंमत अशी की ब्राझीलचे शिसव मिळेनासे झाल्यावर, १९६९ च्या सुमारास, हा कारखाना भारतातले शिसव वापरू लागला. आपल्या गिटारची पाठ त्याचीच, आजीच्या शिसवी पलंगाच्या जातीची!

आता विश्वस्त मंडळींना विनंती. सुतारकामाची खोली मोडून तिथे दुसरा संगणक कक्ष करावा, अशी सूचना आली आहे. एका पालकांनी तर विचारले, "सर, आमच्या मुलाला काय सुतार व्हायचंय?" व्हायोलिनवाल्यांचा सूर याहून फार वेगळा नसावा. माझा संगणकाला विरोध नाही. वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करता येईल. दोन वर्षांपूर्वी दहावीच्या निकालाच्या काळजीने सुतारकामाचा एक तास मीच कमी केला होता. ती माझी चूक झाली. जूनपासून तो परत सुरू करायचा आहे.

बैठकीआधी सर्वांनी एकदा ती खोली पाहावी. सातवीच्या मुलांनी केलेला चौरंग तिथे ठेवला आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, त्याचे काम अजून चालू आहे.

आपला,
प्राचार्य