घरगुती जनित्राची जोडणी : न्यूट्रल व अर्थिंग

भंडारा हा वैनगंगेचा, तलावांचा आणि धानाचा जिल्हा होय. पावसाळी वादळात झाडे तारांवर कोसळतात. आणि 2020 च्या ऑगस्टअखेरीस आला तसा महापूर आला म्हणजे वीजपुरवठा बंद ठेवणेच भाग पडते. अशा वेळेकरिता काही शेतकरी बंधू लहान जनित्र घरी आणून ठेवतात. ही दूरदृष्टी स्तुत्य आहे. परंतु जनित्र निवडताना जेवढी चिकित्सा केली जाते, तेवढी त्याच्या जोडणीविषयी केली जात नाही.

दोन्ही टोकांस पिना बसविलेली तार घेऊन जनित्राची वीज घरातील सॉकेटमध्ये सोडणे, हा सर्वांत घातक प्रकार होय. मेन स्विच बंद करण्याचे विसरले, तर ती वीज गावच्या रोहित्रातून उलट चढून 11,000 व्होल्टच्या वाहिनीवर जाऊ शकते. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या प्राणांशी हा खेळ आहे. “मी विसरणार नाही” हे त्यावरील उत्तर नव्हे. एका वेळी एकच पुरवठा जोडणारा चेंज-ओव्हर स्विच बसविणे हेच उत्तर होय.

हा स्विच फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा बदलणारा असावा. केवळ फेज बदलला, तर जनित्राची न्यूट्रल बाहेरच्या न्यूट्रलला जोडलेलीच राहते. मात्र दोन्ही तारा तोडल्या की घराला रोहित्राजवळील न्यूट्रल अर्थिंगचा आधार उरत नाही. अनेक लहान जनित्रांत न्यूट्रल कशालाच जोडलेली नसते. म्हणून जनित्राची न्यूट्रल, त्याचा सांगाडा आणि घराची अर्थिंगची तार यांचा संयोग चेंज-ओव्हरच्या अलीकडे, जनित्राच्या बाजूस, एकाच ठिकाणी करावा. कारखान्यातच तो केलेला असल्यास पुन्हा करू नये. घरातील बोर्डावर मात्र न्यूट्रल व अर्थिंग कदापि जोडू नये. बाहेरची न्यूट्रल तुटली, तर शीतकपाटाच्या व पंपाच्या पत्र्यातच वीज उतरेल.

जनित्राकरिता वेगळी अर्थिंग पुरली म्हणजे काम झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. दोन्ही अर्थिंगचा रोध प्रत्येकी 10 ओहम धरला, तर 230 व्होल्टला मातीतून केवळ साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील आणि 16 अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही. म्हणून दोन्ही अर्थिंग तारेने एकमेकींस जोडाव्यात. चेंज-ओव्हरनंतर 30 मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवावे, म्हणजे दोन्ही पुरवठ्यांवर गळती होताच ते वीज तोडील. त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. पण ते बटण अर्थिंगची परीक्षा करीत नाही. अर्थिंग तुटलेली असली तरी बटण दाबताच उपकरण पडते. अर्थिंगचा रोध मापकानेच तपासावा, आणि तोही उन्हाळ्यात, कारण ओल आटली की रोध वाढतो.

दोन दिवे व एक पंखा एवढीच गरज असेल, तर घराच्या वायरिंगला हात न लावता ते जनित्राच्या स्वतःच्या सॉकेटवरून चालवावेत. संपूर्ण घर जोडावयाचे असल्यास परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच काम करून घ्यावे. चेंज-ओव्हर व आर.सी.सी.बी. यांचा खर्च जनित्राच्या किमतीचाच भाग समजावा. तो परवडत नसेल तर जनित्राची खरेदी पुढे ढकलणे बरे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्ते बियाणे व खते यांविषयी घरोघर बोलतात. पावसाळ्यापूर्वीच्या भेटीत त्यांनी जनित्र असलेल्या घरी दोनच प्रश्न अवश्य विचारावेत : चेंज-ओव्हर दोन्ही तारा बदलतो काय? न्यूट्रल व अर्थिंग कोठे जोडली आहे? ज्या घरी यांची उत्तरे मिळत नाहीत, तेथे वीजतंत्र्याने पाहीपर्यंत जनित्र घराच्या वायरिंगला जोडू देऊ नये. आपल्या घरातील उजेडाची किंमत दुसऱ्याने प्राण देऊन मोजावी, हे कोणत्याही गावास शोभणारे नाही.