ताप्तीत बुडालेली गाडी

या पानावर बहुतेक जण शाळेच्या, राजघाटाच्या, शनवाऱ्याच्या आठवणी लिहितात. मी आज गाडीची लिहितोय, आणि ती थोडी माझ्याच विरुद्ध जाते. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

झालं असं की दोन महिन्यांपूर्वी माझ्या पुतण्याने इंदूरहून जुनी गाडी आणली. सहा वर्षं वापरलेली, एका हातची, पावणेपाच लाख. आठव्या दिवशी पाऊस पडला आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचलं. दहाव्या दिवशी असीरगडकडे जाताना इंजिन तापलं. मिस्त्रीने बोनेट उघडलं आणि सांगितलं, गाडी समोरून ठोकलेली आहे, पुढची पट्टी बदललीय, रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा आहे. डीलरला फोन केला तर तो म्हणतो, "आपने देख के ली थी." घरात सगळ्यांचं एकमत झालं: वरवर दुरुस्त कर, पॉलिश मार आणि कुणाच्या तरी गळ्यात घालून मोकळा हो. पुतण्याने मला विचारलं, काका तुमचं काय मत? माझं मत सगळ्यांच्या उलट पडलं. का, त्यासाठी मागे जावं लागेल.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरत बुडालं. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. आपल्या राजघाटावरून वाहते तीच ताप्ती. आपण इथे टीव्हीवर बघत होतो. माझे साडू तिथे कापडाच्या धंद्यात, दोन दिवस गच्चीवर होते.

पुढच्या वर्षी मला गाडी घ्यायची होती. साडू म्हणाले, इकडे स्वस्त मिळतात, या. स्वस्त का मिळतात, हा प्रश्न मी कुठल्याही कर्जदाराला हमखास विचारला असता. शाखेत कर्जाचं टेबल माझ्याकडेच होतं. मारुती ८०० पासून ट्रॅक्टरपर्यंत किती वाहनांची तपासणी केली, हिशेब नाही. पण स्वतःचा खिसा आला की माणूस ऑफिसर राहत नाही, गिऱ्हाईक होतो. भुसावळहून गाडी पकडून सुरतेला गेलो, लहानशी पेट्रोल गाडी बघितली, नवीन सीटकव्हर, आत अगरबत्तीचा वास. एक लाख पस्तीस हजार. 'जशी आहे तशी घेतली' अशा कागदावर सही केली आणि नवापूर, धुळे, जळगाव करत, इच्छापूरला देवीला नारळ फोडून घरी आणली. सौ.ने ओवाळलं.

पहिला पावसाळा लागला तसे हॉर्न आपोआप वाजायला लागले. मग वायपर बंद. मग लालबागच्या रस्त्यावर रात्री दिवेच गेले. आमचे मिस्त्री चाचा म्हणजे बोलायला कमी. त्यांनी काही न बोलता सीटबेल्ट ओढला, अगदी शेवटपर्यंत. जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही तिथे मातीची आडवी रेघ होती. मग स्टेपनी काढली, खाली वाळलेला गाळ. कार्पेट उचललं, सीटच्या रुळांना गंज. फ्यूजच्या डब्यात सगळं हिरवं पडलेलं. "साब, ये गाडी डूबी हुई है." ताप्तीची माती मी पैसे मोजून, चारशे किलोमीटर लांबून परत ताप्तीकाठी आणली होती.

बुडालेल्या गाडीचं असं असतं की ती एकदा दुरुस्त होऊन थांबत नाही. पाणी वायरींच्या जोडांत शिरतं, तिथे हळूहळू गंज धरतो आणि दर दोन महिन्यांनी नवीन ठिकाण उघडं पडतं. वर्षभरात बावीस हजार घातले. सुरतेच्या डीलरला फोन केले, दोन पत्रं टाकली. तो एकदाच बोलला: मी कुठे म्हणालो होतो की बुडाली नव्हती?

इथे माझं बी.कॉम. आठवलं. मर्कंटाइल लॉमध्ये करार कायदा, १८७२, कलम १७. नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे. खाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत, आम्ही ती परीक्षेसाठी घोकली होती. लिलावात एकाने दोष असलेला घोडा विकला आणि काही बोलला नाही, तर ते कपट नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण: घेणारा म्हणाला, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला धरून चालतो, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच मानलं जातं. मी सुरतेत काही विचारलंच नव्हतं. म्हणजे मी पहिल्या घोड्याचा गिऱ्हाईक. ग्राहक मंचात जायला हवं होतं, पण लाज वाटली. कर्ज देणारा साहेब फसला हे गावात कशाला कळू द्यायचं?

आता मुख्य गोष्ट, जी मी आजवर सौ.शिवाय कुणाला सांगितलेली नाही. गाडी विकायला काढली. शाहपूरकडचे एक केळीवाले शेतकरी आले, आमच्याच शाखेचे खातेदार. गाडीभोवती एक फेरी मारली, दरवाजा उघडून बंद केला आणि म्हणाले, "साहेब, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बँकेतले. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे गाडी चांगलीच समजतो."

मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

एक लाख पाच हजारांना गाडी गेली. सौ. आतून सगळं ऐकत होती. त्या रात्री तिने फक्त एवढंच विचारलं, "त्यांना वायरिंगचं सांगितलंत ना?" तीन महिन्यांनी ते शाखेत आले. भांडायला नाही. खात्यातून पैसे काढायला, गाडीचं काम निघालं होतं. स्लिप भरता भरता मलाच विचारलं, साहेब, गाडीच्या लायटीचं काम करणारा कुणी चांगला माणूस आहे का? मी मिस्त्री चाचांचा पत्ता दिला. स्लिपवर सही केली. ते धन्यवाद म्हणून गेले.

तेव्हा पुतण्याला मी म्हटलं, भांडण वरच्याशी कर, खालच्याच्या गळ्यात घालू नकोस. त्याची बाजू माझ्यापेक्षा पुष्कळ मजबूत आहे. पैसे खात्यातून गेलेत, बिल आहे, आणि डीलरच्या जाहिरातीत 'नॉन-ॲक्सिडेंटल' असं लिहिलेलं त्याच्या मोबाइलमध्ये अजून आहे. हे गप्प बसणं नव्हे, हे सरळ खोटं सांगणं आहे. दुरुस्ती करण्याआधी दुसऱ्या गॅरेजमधून दोष लेखी घ्यायला लावले, फोटो काढायला लावले. एकदा पट्टी नवी बसली की पुरावा भंगारात जातो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद मागवायला सांगितली. मग डीलरला पोस्टाने नोटीस. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, इंदूरला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ वर फोन करूनही सुरुवात होते. मात्र हे सगळं धंदा करणाऱ्या डीलरविरुद्ध. शेजाऱ्याने स्वतःची गाडी विकली तर तो ग्राहक कायद्यात येत नाही, तिथे दिवाणी कोर्टच.

ज्यांना अजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी माझं एकच म्हणणं. टायर बघा, इंजिन ऐका, सगळं करा, पण बयाणा देण्याआधी विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर तीन ओळी टाका: गाडी बुडालेली नाही, ठोकलेली नाही, किलोमीटर खरे आहेत असं धरून मी घेतोय, यात काही चुकीचं असेल तर कळवा. झाला तिसरा घोडा. आता तो गप्प बसला तरी बोलल्यासारखं. पुष्कळदा या तीन ओळींनंतर किंमत आपोआप खाली येते नाही तर गाडीच 'विकली गेली' असं उत्तर येतं. दोन्हींत आपला फायदा.

भाऊबंदांना हे पटलेलं नाही. कोर्टकचेरीत म्हातारे होऊ असं म्हणतात, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू, बँकेच्या वसुलीच्या केसेस मीही बघितल्यात. डीलरचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान गेल्या रविवारी धाकट्या भावाने, म्हणजे पुतण्याच्या वडिलांनी, परस्पर नेपानगरचं एक गिऱ्हाईक आणलं. तरुण पोरगा, बायको आणि कडेवर लहान मूल. मी आदल्या दिवशीच फुलस्केपवर दोषांची यादी करून ठेवली होती, अकरा कलमं. चहा यायच्या आधी ती त्याच्या हातात दिली. त्याने दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि चहा न घेता उठला. दारातून वळून मला नमस्कार करून गेला.

भाऊ आठ दिवस झाले माझ्याशी बोलत नाही.